जोडलेलं आतडं

त्या टेकडीवरच्या गल्ल्यांमध्ये त्यांना सगळे पाणीकाका म्हणत. खरं तर काका पाणी आणत नव्हते, सोडत नव्हते की बंद करत नव्हते. घराघरातलं पाण्याचं मीटर वाचायचं, आकडा लिहून घ्यायचा आणि पुढच्या दाराशी जायचं, एवढंच त्यांचं काम. पण सव्वीस वर्षं त्याच त्या पायऱ्या चढल्यावर माणसाला काहीतरी नाव पडतंच, आणि या नावाबद्दल काकांची तक्रार नव्हती.

प्रत्येक घराच्या दाराशी जमिनीत एक लहानसा खड्डा असे, त्यावर लोखंडी झाकण. काका हातातल्या आकडीने झाकण उचलत, वाकत, फडक्याने मीटरची काच पुसत आणि आकडा वाचत. काचेत एक बारीक तांबडं चक्र असतं. घरातले सगळे नळ बंद असताना ते थरथरताना दिसलं की काका दार वाजवून सांगत, "वरच्या मजल्यावरची टाकी गळतेय, बघून घ्या." कोणाच्या घरात माणसं वाढली, कोणाचं घर रिकामं झालं, कोण महिनाभर गावाला गेलंय, हे त्यांना आकड्यावरून कळे. पण त्याचा त्यांनी कधी बोभाटा केला नाही. मुळात त्यांना बोलायला फार आवडतच नसे.

बोलण्याचं काम त्यांच्या वतीने एक कुलूपवाला करायचा. पाणीखात्याच्या फाटकासमोर त्याची टपरी होती, जेमतेम कपाटाएवढी, आत किल्ल्यांचे घोसच्या घोस टांगलेले. दुपारी एक वाजला की काका तिथल्या फळीवर जाऊन बसत आणि दोघे आपापले डबे उघडत. कुलूपवाला अखंड बोलायचा: कोणाची किल्ली कुठे अडकली, कोण स्वतःच्याच घराबाहेर तीन तास उभं राहिलं. काका हं हं करत जेवायचे. काकांची बायको गेली तेव्हा या माणसाने तेरा दिवस टपरी उघडली नव्हती आणि त्या तेरा दिवसांत तो एक शब्दही जास्तीचा बोलला नव्हता. त्यालाही सात वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी लग्न होऊन रेल्वेने सहा तास लागणाऱ्या दुसऱ्या शहरात गेली होती. घरी दोन खोल्या, एक रेडिओ आणि काका.

दुखणं आलं ते चोरपावलांनी. संडासातून रक्त जायला लागलं. काकांनी मूळव्याध समजून आठ महिने काढले. मग एक दिवस पायरीवर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तपासण्या सुरू झाल्या. मोठ्या आतड्याच्या अगदी शेवटच्या टोकाला गाठ निघाली. मुलगी धावत आली. शस्त्रक्रिया झाली, वीतभर आतडं कापून काढलं आणि उरलेली टोकं एकमेकांना जोडली. जोड भरून येईपर्यंत पोटावर भोक पाडून तिथे पिशवी लावली होती. त्या पिशवीशी काकांनी पाच महिने जुळवून घेतलं. भरली की दिसे, रिकामी केली की संपलं. मीटर वाचण्यापेक्षा ते काही फार वेगळं नव्हतं. पाच महिन्यांनी दुसरी लहान शस्त्रक्रिया करून पिशवी काढली, भोक बंद केलं, आणि सर्जन हसून म्हणाले, "झालं. आता तुम्ही पूर्वीसारखे."

घरी सोडताना एका सिस्टरने हातात कागद दिला आणि काहीतरी बराच वेळ समजावून सांगितलं. पण काकांच्या कानात सर्जनचे शब्द बसले होते, त्यामुळे सिस्टरचे शब्द शिरायला तिथे जागाच उरली नव्हती. मुलीला तेव्हा सहावा महिना होता. काकांनीच तिची समजूत घालून तिला गाडीत बसवून दिलं. आता मी पूर्वीसारखा, असं तिलाही सांगितलं.

पूर्वीसारखं काहीच नव्हतं. जिथे मळ साठून राहतो, तीच जागा कापून काढली होती. आता जे येई ते थेट दाराशी येऊन उभं राही आणि थांबायला तयार नसे. पहिल्या आठवड्यात काका दिवसातून चौदा वेळा जात होते. एकदा जाऊन मोकळं होणं हा प्रकार संपला होता. थोडंसं व्हायचं, हातपाय धुऊन बाहेर यावं, पलंगावर टेकावं, की पाच मिनिटांत पुन्हा. मग दहा मिनिटांनी पुन्हा. त्या जागेची कातडी सोलून निघाली. वारा सरतोय की आणखी काही, हेही आतून कळेनासं झालं होतं.

तरी तिसऱ्या आठवड्यात त्यांनी कामावर जायला सुरुवात केली. घरात बसून भिंती अंगावर यायला लागल्या होत्या. पहिले दोन दिवस निभावले. तिसऱ्या दिवशी सकाळी ते उभ्या चढाच्या गल्लीत होते. सातवं घर. खिडकीतून त्या घरातल्या बाईंनी हात केला, बरे झालात का म्हणून विचारलं. काकांनी मान हलवली, आकडी अडकवली, वाकून झाकण उचललं, आणि त्या वाकण्यातच सगळं झालं.

ते सरळ उभे राहिले. खांद्यावरची पिशवी मागे घेऊन धरली. बाई खिडकीतून अजून काहीतरी विचारत होत्या. काका वळले आणि पायऱ्या उतरायला लागले. बसमध्ये चढण्याचा प्रश्न नव्हता. आडवाटेने, भिंतींच्या कडेकडेने चालत त्यांनी घर गाठलं. त्याला पाऊण तास लागला. वाटेत ओळखीची तीन माणसं भेटली, तिघांनाही त्यांनी लांबूनच हात केला. घरी येऊन कपड्यांसकट नळाखाली उभे राहिले आणि पाणी गार होतं तरी बराच वेळ तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशी खात्यात तक्रार आली. मीटरचं झाकण उघडं टाकून माणूस निघून गेला, एखादं लेकरू पडलं असतं तर, असं त्या बाईंचं म्हणणं होतं. सव्वीस वर्षांतली काकांविरुद्धची ती पहिली तक्रार. साहेबांनी विचारलं, तेव्हा काका म्हणाले की पाठीत उसण भरली होती, आता वाकणं झेपणार नाही, बसून करायचं काही असेल तर द्या. साहेब भला माणूस होता. पहिल्या मजल्यावर तक्रारींच्या खोलीत त्याने काकांना खुर्ची दिली. संडास तिथून अकरा पावलांवर होता. काकांनी ती पावलं पहिल्याच दिवशी मोजून ठेवली.

आणि मग त्यांनी स्वतःच्या अकलेने एक उपाय काढला. पोटात काही गेलंच नाही तर बाहेर काय येणार? सकाळी उपाशी निघायचं, दिवसभर तोंडात काही घालायचं नाही, चहासुद्धा नाही. संध्याकाळी घरी आलं, दाराला आतून कडी लावली, की मग जेवायचं. दिवसभराची भूक एकदम उसळायची, ताट भरभर रिकामं व्हायचं, आणि पुढचे चार तास काका त्या लहानशा मोरीत आणि संडासात ये-जा करत राहायचे. रेडिओ खोलीत एकटाच बोलत असायचा.

दुपारच्या डब्याचं काय करायचं, हा प्रश्न होताच. आधी त्यांनी वर काम फार आहे असं कळवलं. मग डॉक्टरांनी बाहेर बसून खायला नको म्हटलंय असं सांगितलं. कुलूपवाला हार मानणाऱ्यांतला नव्हता. त्याने घरून मऊ भात करून आणला, बिनमिरचीची उकडलेली भाजी आणली आणि फाटकाशी उभा राहून निरोप धाडला. काका खाली आले, म्हणाले भूक नाही. खरं म्हणजे भुकेने त्यांचे पाय लटपटत होते. पण त्या कपाटाएवढ्या टपरीत, माणसाच्या मांडीला मांडी लावून बसायचं आणि अंगाला वास येत असला तर? येत असेल का नसेल, हे त्यांचं त्यांना कळत नव्हतं, आणि विचारावं तर कोणाला? हे जिला विचारता आलं असतं ती सात वर्षांपूर्वीच गेली होती.

मग काका मागच्या फाटकाने ये-जा करायला लागले. असं महिनाभर चाललं. एके संध्याकाळी कुलूपवाला मागच्या फाटकाशीच उभा होता. त्याच्या हातात डबा नव्हता.

"माझं काही चुकलं असेल तर तोंडावर सांग," तो म्हणाला. "दोन शिव्या दे. पण असा मागच्या दाराने जाऊ नकोस. मी काय सावकार आहे का तुझा?"

काकांनी तोंड उघडलं. नेमकी त्याच वेळी पोटात कळ आली. सांगायला लागलं असतं तर दोन मिनिटं लागली असती, आणि त्यांच्याकडे दोन मिनिटं नव्हती. "तसं काही नाही," एवढं म्हणून ते झपाट्याने चालायला लागले. मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कुलूपवाला बराच वेळ तिथेच उभा दिसला असता. त्यानंतर त्याने काही विचारलं नाही, आणि काकांनी काही सांगितलं नाही.

सहा महिन्यांच्या तपासणीला काका गेले तेव्हा त्यांचं वजन नऊ किलोने उतरलं होतं. गाठ परत आलेली नव्हती, रक्ताच्या तपासण्या चांगल्या होत्या. सर्जनने कागद बघून शाबासकी दिली, मग काट्यावरचा आकडा बघितला, कपाळाला आठी घातली आणि शेजारच्या खोलीतल्या सिस्टरकडे पाठवलं. ही तीच सिस्टर होती, कागद देणारी. ठेंगणी, चष्मा गळ्यात दोरीने लोंबणारा, आणि बोलणं पायरीवरून घरंगळणाऱ्या भांड्यासारखं. तिने दार लावून घेतलं आणि एकेक विचारायला सुरुवात केली. दिवसातून किती वेळा? कळ आल्यावर किती थांबवता येतं? खोकलं तर गळतं का? झोपेत होतं का? कपडे खराब होतात का?

काका समोरच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघत पुटपुटले.

"काका, भिंतीला नका सांगू. तिला काही कळत नाही. मला सांगा."

मग काकांनी सांगितलं. सगळं नाही, पण बरंचसं. सिस्टरच्या चेहऱ्यावर ना कीव आली ना किळस. एखादा सुतार दाराची चौकट कुठे फुगलीय ते चाचपतो तसं ती ऐकत होती. तिने त्यांना एक वही दिली, काय खाल्लं आणि त्यानंतर किती वेळा जावं लागलं ते दोन आठवडे लिहून आणायला सांगितलं. काका लिहिण्यात पक्के होते. दोन आठवड्यांनी ते वही घेऊन गेले. सिस्टरने पानं उलटली. सकाळ कोरी, दुपार कोरी, सगळा मजकूर रात्रीच्या रकान्यात. तिने चष्मा डोळ्यांवरून काढला.

"उपाशी ठेवून आतडं शहाणं होत नाही, काका. पिसाळतं. तुम्ही त्याला वळण लावायच्या ऐवजी डांबून ठेवलंय."

मग तिने नव्याने सगळं सांगितलं, आणि या वेळी काकांनी दोन्ही कान देऊन ऐकलं. दिवसातून पाच वेळा खायचं, थोडं थोडं, रोज त्याच वेळी, सावकाश चावून. मऊ भात, उकडलेला बटाटा, केळं, भाजलेला पाव, उकडलेलं अंडं, ताजं दही. कच्चा कांदा, कोबी, मका, तळलेलं, तिखट, कॉफी आणि फसफसणारी पेयं बंद. जेवताना पाणी प्यायचं नाही, नंतर तासाभराने प्यायचं, पण दिवसभरात पाणी कमी पडू द्यायचं नाही. चमचाभर इसबगोल अर्ध्या वाटी पाण्यात कालवून घ्यायचं, म्हणजे पातळ असेल ते घट्ट बांधलं जातं. जुलाब थांबवायची गोळी जेवणाआधी अर्धा तास, तीही तिने सांगितली तेवढीच. कातडीला लावायचं मलम. आणि व्यायाम: वारा रोखून धरताना जो स्नायू आवळतो तो आवळायचा, दहा अंक मोजायचे, सोडायचा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. बसल्या जागी करता येतो, शेजारच्याला पत्ताही लागत नाही.

"पूर्वीसारखं कधी होईल?" काकांनी विचारलं.

"पूर्वीसारखं नाही होणार," सिस्टर म्हणाली. "पण जगता येईल असं होईल. दीडेक वर्ष धरा."

एवढं सरळ उत्तर त्यांना इतक्या महिन्यांत कोणी दिलं नव्हतं. काका त्या दिवशी दवाखान्यातून बाहेर पडून बाकावर बसले, आणि त्यांना रडू आलं. का ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मग तपश्चर्या सुरू झाली. काकांनी आयुष्यात भात एकतर कच्चा ठेवला होता नाहीतर जाळला होता. आता तो बोटाने मोडेल इतका मऊ करायला ते शिकले. तक्रारींच्या खोलीत बिलाबद्दल भांडायला आलेल्या लोकांसमोर ते चेहरा शांत ठेवून आतून दहापर्यंत मोजत. लोकांना वाटे, काय ऐकून घेतो हा माणूस! कुठल्या दिवशी सहा वेळा, कुठल्या दिवशी अकरा. मग हळूहळू सातच्या वर जाणारे दिवस कमी झाले. विजारीत घालायच्या शोषक घड्या, म्हणजे पॅड, मात्र लागतच होत्या. त्या आणायला ते नदीपलीकडच्या दुकानात जात, कारण अलीकडचे सगळे दुकानदार त्यांना ओळखत होते. अवघड जागेचं दुखणं आणि जावई वैद्य, असं म्हणतात. काकांचे जावई वैद्य नव्हते, पण त्यांचं औषधांचं दुकान होतं, म्हणजे म्हण अगदीच वाया गेली नव्हती. त्यामुळे तर मुलीच्या घरी यातलं काहीच कळता कामा नये, असं काकांनी ठरवून टाकलं होतं.

मुलीला मुलगा झाला होता. फोनवर त्याचं रडणं काकांनी ऐकलं, फोटो पाहिले. मुलगी 'या' म्हणाली तेव्हा रजा नाही म्हणाले. पुन्हा म्हणाली तेव्हा पाठ दुखते म्हणाले. बाळ आठ महिन्यांचं झालं तेव्हा तिसऱ्यांदा फोन आला.  ती म्हणाली, "बाबा, आई असती तर पहिल्याच दिवशी आली असती," आणि फोन ठेवून दिला.

काका गेले. आदल्या दुपारपासून फक्त भात आणि केळं, संडासाला लागून असलेली जागा राखून ठेवलेली, पिशवीत दोन जास्तीच्या विजारी. सहा तासांत त्यांनी खिडकीबाहेर फारसं पाहिलंच नाही. पण प्रवास नीट झाला. मुलगी स्टेशनवर आली होती, आणि त्यांना बघून तिचा राग फलाटावरच विरला. त्यांच्या दंडाला हात लावून ती एवढंच म्हणाली, की किती वाळलात.

आणि वाळलेल्या बापाला पोरीने खाऊ घालायचं ठरवलं. पहिले दोन दिवस काकांनी काहीबाही सांगून निभावलं. तिसऱ्या दिवशी तिने त्यांच्या आवडीचं सगळं केलं: कोबीची भाजी, वर कच्चा कांदा, जेवणानंतर दुधाची कॉफी. आईच्या हातासारखी होते का बघा म्हणाली आणि समोर बसून राहिली. काकांना नाही म्हणवलं नाही. कितीतरी महिन्यांनी कोणीतरी समोर बसून त्यांना वाढत होतं. ते पोटभर जेवले.

दुपार झाली. जावई दुकानात होते. काका खुर्चीत बसले होते आणि बाळ त्यांच्या मांडीवर होतं, त्यांच्या बोटाला धरून खालीवर होत. ते हसलं, म्हणून काकाही हसले. मुलगी पलंगावर लहान लहान कपड्यांच्या घड्या घालत होती. मग खोलीत वास आला.

"आलं वाटतं महाराजांचं," मुलगी म्हणाली. हसत उठली, बाळाला उचललं, पलंगावर आडवं केलं, लंगोट सोडला. सोडून बघत राहिली.

"अगंबाई, हा तर कोरडा आहे."

ती काकांकडे वळली. काका खुर्चीतून उठले नव्हते. दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर होते आणि नजर जमिनीवर. बाळ पाय झाडत होतं. तिला कळायला किती वेळ लागला असेल? फार नसेल लागला. पण काकांना तो वेळ त्या पाऊण तासाच्या चालण्याहून लांब वाटला.

 ती बाळाला घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि तिथे मुद्दाम भांडी वाजवत राहिली. काका उठले, न्हाणीघरात गेले. थोड्या वेळाने दाराबाहेर बादली टेकवल्याचा आवाज आला. त्यांनी दार किलकिलं करून पाहिलं तर गरम पाणी होतं, टॉवेल होता, जावयांचा धुतलेला पायजमा होता. खुर्चीवरची गादीही उचलली गेली होती.

संध्याकाळी ती चहा न आणता नुसतीच येऊन बसली.

"किती दिवस चाललंय हे?"

"पिशवी काढली तेव्हापासून."

"म्हणजे वर्ष होत आलं. आणि तुम्ही मला पाठ दुखते म्हणून सांगत होता."

"काय सांगणार होतो? लेकीला सांगायची गोष्ट आहे का ही?"

"मग कोणाला सांगितलंत?"

 सिस्टरचं नाव घ्यावं तर ते हिशेबात धरण्यासारखं नव्हतं. मुलगी रडायला लागली. कापलं तुमचं आतडं, पण तुटतंय माझं, असं काहीसं ती रडता रडता म्हणाली, आणि ते तिचं तिलाच विचित्र वाटून हसली, आणि पुन्हा रडली. मग काकांनी सगळं सांगितलं, झाकणापासून. ती वहीसुद्धा पिशवीतून काढून दाखवली. तिने ती पहिल्या पानापासून वाचली. रात्री जावयांनी दोन-तीन प्रश्न विचारले, तेही दुकानात गिऱ्हाइकाला विचारावेत तसे, वर न बघता. काका मनातल्या मनात त्या माणसाचे उपकार मानत राहिले.

इथेच राहा, असं दोघांनीही सांगितलं. काकांनी नको म्हटलं. त्यांच्या घरात चार पावलांवर संडास होता, कोणी दार वाजवत नव्हतं, कोणाचं जेवण त्यांच्यासाठी वेगळं शिजत नव्हतं. मुलगी म्हणाली, पण तिथे तुमचं कोण आहे? ते खरं होतं. ठरलेल्या दिवशी ते गाडीत बसले. मुलीने डब्यात मऊ भात आणि दोन केळी दिली होती.

परत आल्यावर सोमवारी ते पुढच्या फाटकाने खात्यात गेले. गाडीतच त्यांनी ठरवलं होतं: लेकीला सांगून झालं, आता कुलूपवाल्याला सांगायचं. पण टपरीत किल्ल्या नव्हत्या. एक तरुण माणूस मोबाइलची कव्हरं लावत होता. तो म्हणाला, आधीचे आजोबा महिनाभरापूर्वीच सगळा गाशा गुंडाळून मुलाकडे गेले, लांब. काका कितीतरी महिने त्या फाटकाकडे फिरकलेच नव्हते, त्यामुळे त्यांना पत्ता नव्हता.

नंबर होता. दोन दिवस ते तो नुसता काढून बघत राहिले. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत लावला. कुलूपवाल्याने आवाज ओळखला. कसा आहेस, बरा आहे, सूनबाई चांगली आहे, हवा मानवत नाही, असं परक्या माणसासारखं बोलणं झालं. मग काकांनी एका दमात सगळं सांगून टाकलं: का येत नव्हते, मागच्या फाटकाशी त्या दिवशी काय झालं होतं, टपरीत बसायची कसली भीती वाटत होती.  

"एवढंच होतं?" कुलूपवाला म्हणाला.

"एवढंच."

"मला वाटलं, मी वहिनींबद्दल काही बोललो असेन. वर्षभर आठवत बसलो मी, काय बोललो असेन ते." मग म्हणाला, "अरे, माझ्या त्या टपरीत तेलाचा आणि गंजाचा इतका वास यायचा, की तुझा मला आला असता का?"

दोघेही थोडेसे हसले. फोन करत जा, असं दोघांनीही एकमेकांना सांगितलं. सुरुवातीला केलेही. पण कुलूपवाल्याला फोनवर बोलता येत नव्हतं. त्याला हातात कुलूप आणि समोर ऐकणारा लागे. काकांना तर बोलता येतच नव्हतं. फोन लहान होत गेले, मग महिन्याने, मग कधीतरी.

दीड वर्ष सरलं. सिस्टरने सांगितलं होतं त्याच्या जवळपास काका येऊन पोचले: दिवसातून चार-पाच वेळा, तीन दिवसांत एखादा वाईट. टेकडीवर ते पुन्हा गेले नाहीत; वाकून झाकण उचलायची हिंमत आता त्यांच्यात नव्हती, आणि तिथे एक नवा माणूस नेमलेला होता. मुलगी दर रविवारी फोन करते आणि आधी बाळाचं सांगते, मग काही आडपडदा न ठेवता विचारते, या आठवड्यात कसं होतं? काका सांगतात. वर्षातून दोनदा ते जातात. तिथे आता त्यांच्यासाठी काय शिजवायचं ते सगळ्यांना माहीत आहे.

परवा एका सुट्टीच्या दुपारी पोट शांत होतं. काका चालायला निघाले आणि नेहमीच्या चौकातून परत न फिरता पुढे गेले, पार नदीवरच्या मोठ्या पुलापर्यंत. तिथे जवळपास कुठे संडास आहे की नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं. पुलाच्या कठड्याशी सिमेंटचा बाक होता, त्यावर ते बसले. खालून मचवे जात होते. शेजारी एक जोडपं भांडत होतं, ते उठून गेलं, तरी काका बसून होते. अर्धा तास झाला असेल. काहीही झालं नाही.

हे कोणालातरी सांगावं, असं त्यांना फार वाटलं. मुलगी त्या वेळी बाळाला निजवत असते. बाकी कोणाला सांगितलं तर, मी अर्धा तास पुलावर बसलो, यात सांगण्यासारखं काय ते त्याला समजावून द्यावं लागलं असतं. ऊन उतरलं तसे ते उठले, सावकाश घरी आले आणि साडेसहाला रोजच्यासारखा भात शिजत ठेवला.